फासा फिरला म्हणून गोष्ट थांबते का? रोलप्लेइंग गेममधल्या एका जुन्या पेचाची उकल

2016 साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पहिला भाग आठवतोय? हॉकिन्स नावाच्या गावात, एका घराच्या तळघरात चार पोरं टेबलाभोवती बसलेली असतात. समोर डेमोगॉर्गन नावाचा राक्षस उभा ठाकलाय, अर्थात कल्पनेतला. विलला झटपट ठरवायचंय, बचावाचा मंत्र टाकायचा की आगीचा गोळा फेकायचा? आगीच्या गोळ्यासाठी 13 किंवा त्याहून मोठं दान हवं. विल फासा फेकतो, तो टेबलावरून घरंगळत खाली पडतो, शोधाशोध सुरू होते आणि नेमकी तेव्हाच माइकची आई खेळ आटोपायला सांगते.

फासा सापडतो. त्यावर असतात 7. खेळ चालवणाऱ्या माइकनं ते पाहिलेलं नसतं. मग ते दान धरायचंच नाही, असं मित्रांचं मत पडतं. पण घरी निघताना विल स्वतःहून माइकला सांगून टाकतो की दान 7 चं होतं आणि राक्षसानं आपल्याला गाठलं.

मालिका पाहणाऱ्यांना हा प्रसंग पुढच्या संकटाची चाहूल म्हणून आठवतो. हा खेळ खेळणाऱ्यांना मात्र त्यात रोजचा पेच दिसतो. दान वाईट पडलं, आता काय? ते धरायचं की सोडून द्यायचं? आणि धरलं तर गोष्ट पुढे कशी न्यायची?

मुळात हा खेळ आहे तरी काय?

ती पोरं खेळत होती ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजेच ‘डी अँड डी’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी हा खेळ 1974 साली बाजारात आणला. पहिल्या खेपेला फक्त 1000 प्रती छापल्या होत्या. आज टेबलावर बसून खेळायचे शेकडो रोलप्लेइंग गेम आहेत, पण त्यांचं मूळ तिथं आहे.

खेळाची रीत साधी आहे. एकजण ‘गेम मास्टर’ होतो. मराठीत त्याला सूत्रधार म्हणायला हरकत नाही. तो जग उभं करतो, प्रसंग सांगतो, राक्षसांपासून भटारखान्यातल्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं ते सांगतात. जे होईल की नाही याची खात्री नाही, तिथं फासा पडतो. ‘डी अँड डी’त तो 20 बाजूंचा असतो. पडलेल्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे आणि सूत्रधारानं ठरवलेला आकडा गाठायचा. साधारण 10 म्हणजे सोपं काम, 15 म्हणजे मध्यम आणि 20 म्हणजे अवघड.

लुडो किंवा सापशिडीत दान पडलं की विषय संपतो. 4 पडले, सोंगटी 4 घरं पुढे. इथं तसं नाही. 4 पडले म्हणजे नेमकं काय घडलं, हे कोणीतरी सांगावं लागतं. आणि सगळी गोची तिथंच होते.

“मला हे माहीत आहे का?”

या खेळात ‘लोर’ हा शब्द सारखा कानावर पडतो. लोर म्हणजे त्या काल्पनिक जगाची माहिती. तिथले राजे, देव, जुनी युद्धं, दंतकथा, कुठला प्राणी कशाला घाबरतो, हे सगळं त्यात आलं.

आता हा प्रसंग पाहा. एका पडक्या मंदिराच्या दारावर विचित्र खूण कोरलेली आहे. एका खेळाडूचं पात्र आहे विद्वानाचं, ज्यानं आयुष्याची 20 वर्षं ग्रंथालयात घालवलीत. तो विचारतो, “ही खूण मी कुठे पाहिली आहे का?” सूत्रधार म्हणतो, “टाक फासा.” पडतात 2. “नाही, तुला काहीच आठवत नाही.” तेवढ्यात शेजारी बसलेला रानटी योद्धा, ज्याला अक्षरओळखही नाही, म्हणतो, “मी टाकू का?” त्याला पडतात 19. आणि खुणेचा सगळा इतिहास तो घडाघडा सांगतो.

पहिल्यांदा टेबलावर हशा पिकतो. दुसऱ्यांदाही चालून जातं. तिसऱ्यांदा विद्वानाचा खेळाडू मोबाइल काढून बसतो. त्यात त्याची चूक नाही. जाणकार माणूस व्हायला मिळेल म्हणून त्यानं ते पात्र घेतलं होतं आणि फाशानं त्याला दरवेळी ढ ठरवलं.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ती खूण ओळखल्याशिवाय दार उघडणार नसेल आणि कोणालाच दान पडलं नाही, तर? सूत्रधारानं आठवडाभर खपून रचलेली गोष्ट दारातच अडकते. पाच माणसांची संध्याकाळ वाया जाते.

आकडे काय सांगतात?

कौशल्याचे जादा गुण नसलेल्या पात्राला 15 गाठायचे असतील, तर त्याची शक्यता 30 टक्के. म्हणजे एकानंच फासा टाकला तर 70 टक्के वेळा गोष्ट अडणार.

आणि पाचही जणांनी टाकला तर? पाचांपैकी निदान एकाला तरी जमण्याची शक्यता 83 टक्क्यांवर जाते. म्हणजे ज्याला सूत्रधार अवघड समजत होता तो प्रश्न प्रत्यक्षात सोपा झाला आणि उत्तर कोणाच्या तोंडून येईल हे निव्वळ नशिबावर गेलं. दोन्हीकडून खेळाचं नुकसानच. म्हणून अनुभवी सूत्रधार फाशाला हात लावण्याआधी थोडा विचार करतात.

आधी हे तीन प्रश्न

पहिला, या पात्राला हे माहीत असणं स्वाभाविक आहे का? दुसरा, हे कळलं नाही तर गोष्ट थांबेल का? तिसरा, न कळण्यातून काही मजेदार घडणार आहे का?

पहिल्या दोहोंपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर फासा न टाकता सरळ सांगून टाकावं. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तरीही तेच. व्हिन्सेंट बेकर यांच्या 2004 सालच्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ या गेममध्ये हा विचार अगदी थोडक्यात आला आहे. सूत्रधारानं एक तर ‘हो’ म्हणावं, नाहीतर फासे टाकावेत.

‘डी अँड डी’तल्या ट्रोल या राक्षसाचं उदाहरण घ्या. त्याच्या जखमा आपोआप भरतात, पण आग किंवा आम्ल लागलं की ते थांबतं. जुन्या खेळाडूंना हे पाठ असतं. पण त्यांच्या नवख्या पात्राला ते ठाऊक असेल का? यावर टेबलाटेबलावर वाद झडतात. खेळाडू आगीची मशाल हातात घेतो आणि दुसरा ओरडतो, “तुला कसं कळलं?”

इथं साधं बघावं की ते पात्र आलंय कुठून. कोकणातल्या पोराला फुरसं ओळखायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही आणि चिऱ्यांच्या ढिगात हात घालू नये हे त्याला कोणी शाळेत शिकवत नाही. तसंच ट्रोलांच्या डोंगराखाली वाढलेल्या पात्राला आगीचं गुपित माहीत असणारच. दूरच्या बंदरातून आलेल्याला ते नसेल. तिथं फाशाला जागा आहे.

आणखी एक सोपी युक्ती आहे. माहितीचे थर करायचे. विद्वानाला खूण कुठल्या पंथाची हे तसंच कळेल. 15 गाठले तर तो पंथ का बुडाला तेही आठवेल. 20 गाठले तर दारामागे काय असावं याचा अंदाज येईल. म्हणजे 2 पडले तरी विद्वान विद्वानच राहतो, फक्त त्याला सगळं आठवत नाही.

धागा सापडणं महत्त्वाचं की त्याचा अर्थ लावणं?

1981 साली आलेल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयकथांच्या गेममध्ये पात्रं लढण्यापेक्षा शोध जास्त घेतात. जुनी कागदपत्रं चाळायची, वर्तमानपत्रांची कात्रणं शोधायची. अशा खेळात एक दान चुकलं आणि महत्त्वाचा कागद हातून गेला, तर तपास तिथंच संपू शकतो.

रॉबिन लॉज यांनी यावर मुळातूनच वेगळा मार्ग काढला. 2006 सालच्या ‘दि इसोटेररिस्ट्स’पासून त्यांची ‘गमशू’ ही पद्धत सुरू झाली. तिचा नियम असा की योग्य कौशल्याचं पात्र योग्य जागी शोध घेत असेल, तर महत्त्वाचा धागा त्याला मिळणारच. फासा नाहीच. कारण डिटेक्टिव्ह कथेत धागा सापडतो का याला फारशी गोडी नसते. सापडलेल्या धाग्यांवरून खुनी कोण ते ओळखायचं, यात खरी गंमत असते.

जस्टिन अलेक्झांडर यांचा ‘तीन धाग्यांचा नियम’ही खेळाडूंमध्ये प्रसिद्ध आहे. खेळाडूंनी एखादा निष्कर्ष काढावा असं वाटत असेल, तर त्याकडे नेणारे किमान तीन धागे पेरून ठेवा. एक त्यांच्या नजरेतून सुटेल, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतील, तिसरा तरी लागू पडेल.

2012 सालच्या ‘डन्जन वर्ल्ड’मध्ये सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. पात्र आपल्या ज्ञानाला ताण देतं तेव्हा 10 किंवा जास्त आले, तर सूत्रधारानं रंजक आणि उपयोगी अशी माहिती द्यायची. 7 ते 9 आले, तर माहिती फक्त रंजक. तिचा उपयोग कसा करायचा, हे खेळाडूनं शोधायचं. त्याखाली आलं की सूत्रधार काहीतरी अडचण उभी करतो. “काही आठवत नाही” म्हणून प्रसंग तिथंच थिजत नाही.

सूत्रधारालाच उत्तर माहीत नसेल तर?

असं हमखास होतं. खेळाडू विचारतो, “या गावाचं नाव असं का पडलं?” आणि सूत्रधारानं त्याचा विचारच केलेला नसतो. तेव्हा प्रश्न परत फिरवता येतो. “तुझं पात्र याच भागातलं आहे ना? मग तूच सांग, तुझ्या आजीनं काय सांगितलं होतं?” खेळाडू काहीतरी रचतो आणि ते त्या जगाचं सत्य होतं. 2002 साली आलेल्या ‘बर्निंग व्हील’मध्ये तर अशा जाणकारीसाठी वेगळी कौशल्यंच आहेत. एवढंच करायचं की जे एकदा सांगितलं ते वहीत लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी गावाच्या नावाची गोष्ट बदलली, तर त्या जगावरचा विश्वास उडतो.

याच्या उलटही घडतं. ‘फरगॉटन रेल्म्स’ हे ‘डी अँड डी’चं जग 1987 पासून प्रकाशित होतंय. त्यावर कादंबऱ्यांचा ढीग आहे. एखादा खेळाडू त्या सगळ्या वाचून आलेला असतो आणि सूत्रधाराला मध्येच अडवतो, “तो राजा तर केव्हाच मेला!” यावर पहिल्याच दिवशी ठरवून घेतलेलं बरं की पुस्तकात काहीही असो, या टेबलावर जे सांगितलं जाईल ते खरं. त्या जाणकाराला मात्र गप्प बसवू नये. प्रसंग संपल्यावर त्याची मदत घ्यावी. त्याच्याइतकं प्रेम त्या जगावर दुसऱ्या कोणाचं असणार?

चुकीची माहिती द्यावी का?

दान वाईट पडलं की काही सूत्रधार खोटी माहिती देतात. “या विहिरीचं पाणी चांगलं आहे.” पण फाशावरचे 2 खेळाडूनं पाहिलेले असतात. पाणी विषारी आहे हे त्याला कळतं आणि तरी न कळल्याचं नाटक करावं लागतं. असं करायचंच असेल, तर तो फासा सूत्रधारानं लपवून टाकावा.

त्यापेक्षा माहिती खरी, पण महागाची द्यावी. ती खूण विद्वानाला आठवते, पण सोबत हेही आठवतं की ज्या गुरूच्या ग्रंथात ती होती त्यांच्याशी त्याचं भांडण झालंय. आता तपशील हवा असेल, तर त्यांच्या दारात जावं लागेल. माहिती अडली, पण त्यातून पुढचा प्रसंग मिळाला.

वाईट दान पडलं की काय करायचं?

माहितीला जे लागू आहे, तेच बाकी कृतींनाही. समजा कुलूप उघडायचं आहे. दान चुकलं. “नाही उघडलं.” मग पुन्हा टाकू? पुन्हा चुकलं. पुन्हा? अशानं वेळ जातो, घडत मात्र काहीच नाही.

म्हणून अनेक गेममध्ये अपयशाचा अर्थ ‘काही झालं नाही’ असा घेत नाहीत, परिस्थिती बिघडली असा घेतात. कुलूप उघडलं, पण पहारेकऱ्याला आवाज गेला. किंवा हत्यार आतच तुटलं, आता खिडकीचा रस्ता शोधा. गोष्ट हलली पाहिजे. पण त्यासाठी दरवेळी यशच दिलं पाहिजे असं नाही. नुकसान खरं असावं, नाहीतर फासा टाकण्याला अर्थच उरत नाही.

‘डन्जन वर्ल्ड’मधले दोन फासे हेच साधतात. जादा गुण नसतील, तर निर्भेळ यशाची शक्यता सुमारे 17 टक्के. काहीतरी किंमत मोजून यश मिळण्याची आणि सपशेल अपयशाची शक्यता मात्र सारखीच, प्रत्येकी सुमारे 42 टक्के.

‘ब्लेड्स इन द डार्क’ या 2017 सालच्या गेममध्ये फासे टाकण्याआधीच धोका किती मोठा आहे ते सूत्रधार सांगतो. मग दान वाईट पडलं तरी खेळाडू तक्रार करत नाही. धोका त्यानं डोळे उघडे ठेवून पत्करलेला असतो. ‘कॉल ऑफ कथुलू’च्या सातव्या आवृत्तीत दान चुकल्यावर खेळाडू आणखी एक संधी मागू शकतो, पण त्यासाठी आपण वेगळं काय करतोय ते सांगावं लागतं. कपाट चाळून झालं, आता रात्रभर ग्रंथालयात थांबून सगळी दप्तरं काढतो. या वेळी चुकलं, तर परिणाम पहिल्यापेक्षा भारी असतो.

एक पडला म्हणून चेष्टा नको

20 बाजूंच्या फाशावर 1 पडला की टेबलावर आरडाओरडा होतो. “तलवार हातातून निसटली! स्वतःच्याच पायावर पडली!” प्रत्यक्षात ‘डी अँड डी’च्या पाचव्या आवृत्तीत हल्ल्यात 1 पडला, तर वार चुकला, इतकंच. तलवार पायावर पाडणं ही टेबलाटेबलावरची हौस आहे.

या हौसेतला अन्याय गणितात दिसतो. नवख्या लढवय्याला एका फेरीत एक वार मिळतो. त्याला 1 पडण्याची शक्यता 5 टक्के. अकराव्या पातळीवरच्या कसलेल्या लढवय्याला तीन वार मिळतात. त्यातला निदान एक फासा 1 दाखवण्याची शक्यता 14 टक्के. म्हणजे माणूस जितका तरबेज, तितका जास्त वेळा तोंडावर आपटणार!

त्यापेक्षा दोष बाहेर द्यावा. “वार अचूक होता, पण शत्रू त्याहून चपळ निघाला.” आकडा तोच, वार चुकलाच, पण पात्राची अब्रू शाबूत राहते.

आकडा बदलायचा मोह

सूत्रधारासमोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो. त्यामागे त्याला काय पडलं ते कोणाला दिसत नाही. दोन वर्षं जपलेलं एखाद्याचं पात्र भलत्याच क्षुल्लक भांडणात मरणार असेल, तर 20 चे 12 सांगावेत असं कोणालाही वाटेल. आडोशामागे टाकलेल्या फाशाचा आकडा बदलता येतो, हे 2014 सालच्या अधिकृत मार्गदर्शक पुस्तकातही म्हटलं आहे.

यावर खेळाडूंमध्ये सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, मित्रांची संध्याकाळ आकड्यापेक्षा मोलाची. दुसरा म्हणतो, आपल्याला वाचवलं हे एकदा कळलं की आधी जिंकलेल्या प्रत्येक लढाईबद्दल शंका येते. ती खरंच जिंकली होती का?

दोन्ही बाजूंना पटेल असा मधला रस्ता आहे. ज्या आकड्याचा परिणाम सोसवणार नाही, तो फासा टाकूच नये. हरणं म्हणजे मरणंच, असंही धरू नये. शत्रू कैद करेल, लुटेल, ओलीस ठेवेल. आणि पात्र मरू शकतं की नाही, फासे उघड्यावर टाकायचे की आडोशामागे, हे खेळ सुरू होण्याआधीच सगळ्यांनी मिळून ठरवावं. अशा पहिल्या बैठकीला खेळाडू ‘सेशन झीरो’ म्हणतात.

दान पडतच नाही, तेव्हा

कधीकधी एखाद्याला संध्याकाळभर दान पडतच नाही. मग फासा बदलणं, त्याला फुंकर मारणं, ‘शिक्षा’ म्हणून डब्यात कोंडणं सुरू होतं. फाशाला मात्र मागचं काही आठवत नसतं. यशाची शक्यता 55 टक्के असली, तरी सलग तीनदा अपयश येण्याची शक्यता 9 टक्के उरते. एका बैठकीत डझनावारी फासे पडतात, म्हणजे हे कोणाच्या तरी वाट्याला येणारच.

खेळाडूच्या हातात काहीच नाही, असं नाही. पाचव्या आवृत्तीत परिस्थिती अनुकूल असेल, तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरतात. त्यानं 30 टक्क्यांची शक्यता थेट 51 टक्क्यांवर जाते. म्हणून आधी मदत मागावी, तयारी करावी, उंचावरची जागा पकडावी. पहारेकऱ्याशी लढण्याऐवजी त्याची पाळी संपायची वाट पाहिली, तर फासा लागतच नाही.

पुन्हा त्या 7 कडे

त्या रात्री विलला गप्प बसता आलं असतं. मित्रांची तयारी होती, माइकला कळलंही नसतं. तरी त्यानं सांगितलं, कारण सगळ्यांनी मिळून मानलेलं खोटं जग प्रत्येकजण खरेपणानं खेळतो तोवरच टिकतं. सूत्रधाराचं कामही त्याच विश्वासावर चालतं. ज्याला जे माहीत असायला हवं ते त्यानं सांगून टाकावं, फासा मोजक्या वेळी मागावा आणि जो पडेल त्यातून पुढचा प्रसंग काढावा.

विलला 13 हवे होते, पडले 7. मालिकेची गोष्ट त्यानंतरच सुरू होते.